सिग्नलवरचा दुसरा लाल दिवा

पावसाळी संध्याकाळी शीवच्या सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत दोन लाल दिवे दिसायचे. एक समोर खांबावर आणि दुसरा स्टिअरिंगमागच्या मीटरमध्ये. खांबावरचा हिरवा झाला, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की मीटरमधलाही विझायचा. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. काळी-पिवळी चालवणाऱ्यांना त्या दिव्याचं काही वाटत नसे. गाडी निरोगी असतानाही तो लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिव्याचा अर्थ मात्र साधा होता. या क्षणी वीज बनवणारा डायनामो काही देत नाही. हेडलाइट, वायपर, मागचे दिवे, इग्निशन, सगळं एकट्या बॅटरीवर चाललं आहे. हिंदमाताला पाणी भरलं, दादरपासून गाड्या तुंबल्या, की हा उधारीचा कारभार तासभरही चाले. मग ड्रायव्हर हेडलाइट बंद करून पार्किंगच्या दिव्यांवर येई, वायपर अधूनमधून फिरवी. गाडी बंद पडू द्यायची नाही, हा त्याचा पहिला नियम. बंद पडली तर सेल्फ घेईल याची खात्री नसे.

29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस हा प्रकार शहराच्या रस्त्यांवरून गेला. उरल्या त्या घरगुती पद्मिनी. त्या आता रविवारी सकाळी बाहेर पडतात, रॅलीला जातात, लग्नात नवरदेवाला घेऊन मिरवतात. त्यांचे मालक आधी रंगकाम करतात, मग सीटकव्हर आणि क्रोम. एवढा खर्च झाल्यावर, केव्हातरी रात्री खंडाळ्याला गाडी दगा देते आणि त्यांचं लक्ष मीटरमधल्या त्या दिव्याकडे जातं. डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा विचार तिथे सुरू होतो. हे काम मी गॅरेजांमधून बरंच पाहिलं आहे आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. त्यातलं अल्टरनेटर बसवणं हा सोपा भाग. खरं काम वायरिंगचं असतं, आणि नेमकं तेच अर्धवट राहतं.

डायनामो वाईट यंत्र नव्हतं. त्यात चुंबकत्व निर्माण करणारी फील्ड कॉइल बाहेरच्या कवचात स्थिर असते आणि आत आर्मेचर फिरतं. वीज तयार होते ती या फिरत्या भागात, त्यामुळे सगळाच्या सगळा करंट कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर काढावा लागतो. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचा गोल आणि दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ पडदा. वेग फार वाढला तर आर्मेचरची गुंडाळी केंद्रोत्सारी जोराने सुटते. म्हणून पुली मोठीच ठेवायची, डायनामो इंजिनापेक्षा थोडाच जास्त पळू द्यायचा. याची किंमत मंद गतीला चुकवावी लागते. डायनामो दीड हजार फेऱ्यांच्या आसपास कुठे चार्जिंगला लागतो आणि आयडलला तिथवर पोचतच नाही. मोकळ्या रस्त्यावर सलग पळणाऱ्या गाडीला हे पुरेसं होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवस काढणाऱ्या मुंबईला नव्हतं.

अल्टरनेटरने हा संसार उलटा मांडला. चुंबक फिरतं आणि वीज तयार करणारी जाड गुंडाळी बाहेर स्थिर बसते. कार्बनमधून जातो तो फक्त फील्डचा तीन-चार अँपिअर करंट, तोही गुळगुळीत कड्यांवरून. त्यामुळे ते बारा-पंधरा हजार फेऱ्यांनाही तग धरतं, पुली लहान करता येते, आणि इंजिन आयडलला सातशे फेऱ्यांवर गुरगुरत असतानाही अल्टरनेटर चौदाशे-पंधराशेवर पोचून वीज देऊ लागतो. बाहेर येणारी वीज तीन फेजची, उलटसुलट वाहणारी असते. ती एका दिशेला वळवण्याचं काम सहा डायोड करतात. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हाच हे मोटारीत शक्य झालं. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत अल्टरनेटर मूळचाच देणारी पहिली कंपनी क्रायस्लर, गाडी व्हॅलियंट, साल 1960.

इथे कुर्ल्याचा एक धागा जुळतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायस्लरशीच करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ बाहेर पडल्या, फियाट नंतर आली. पुढे नाव गाजलं ते फियाटचंच. आधी गोल पाठीची, लोकांनी लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलेली 1100, मग 1964 ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. नावं बदलत राहिली, 1089 सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचा गिअर तसाच राहिला. परवाना-राज्यात गिऱ्हाईक वर्षानुवर्षं थांबून गाडी घेत होतं, तेव्हा डायनामो बदलायची घाई कोणाला असणार?

घाई नंतर झाली, कारण गाडीवरचा भार वाढला. मूळ गाडीचा हिशेब पाहा. 45 वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे 90 वॉट. मागचे-पुढचे छोटे दिवे आणि नंबरप्लेट मिळून पंचवीस-तीस. बारा व्होल्टला हे सगळं दहा अँपिअरच्या घरात बसतं. इग्निशन चार, वायपर दोन-तीन. वीस-बावीस अँपिअरचा डायनामो चालत्या गाडीत हे आरामात ओढतो. आता त्याच गाडीत 60 वॉटचे हॅलोजन लावा, रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा बसवा, म्युझिक सिस्टिमला ॲम्प्लिफायर जोडा, मोबाइलचं चार्जिंग द्या. टॅक्सीत तर वर मीटर, सीएनजी किटचे सोलेनॉइड आणि टपावरचा दिवा. गॅस पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, म्हणजे कमजोर बॅटरीची शिक्षा सीएनजीवर आणखी लवकर मिळते. डायनामो बिघडलेला नसतो, त्याच्याकडून भलतंच मागितलं जात असतं.

मग मालक बाजारात जातो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. जुन्या मारुती गाड्यांचा लहानसा अल्टरनेटर बहुतेकांच्या मनात असतो, कारण तो आटोपशीर आहे, पोटात रेग्युलेटर आहे आणि त्याचे कार्बन, बेअरिंग कुठेही मिळतात. पंचेचाळीस-पन्नास अँपिअरचा असला तरी पद्मिनीला पुरून उरतो. ‘शेठ, मोठा टाकू ना, शंभरचा’ असं कोणी म्हणालंच, तर नाही म्हणावं. 40 अँपिअर चौदा व्होल्टला म्हणजे 560 वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता पंचावन्न टक्क्यांच्या आसपास धरली तर इंजिनाकडून सव्वा हॉर्सपॉवरहून जास्त जाते, आणि ती सगळी एका अरुंद पट्ट्यातून. तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. शंभर अँपिअर खरंच मागितले तर पट्टा घसरेल, किंचाळेल, आणि त्याबरोबर इंजिनही तापेल.

बसवण्याच्या कामात लेथवाला लागतो. डायनामो लांबट असतो, अल्टरनेटर आखूड आणि जाड, त्यामुळे जुनी बैठक जुळत नाही. लोखंडी प्लेटचं ब्रॅकेट करतात, वॉशर भरून पुढेमागे सरकवतात. इथे घाई करणाऱ्याला सहा महिन्यांनी पट्ट्याची काळी भुकटी बॉनेटखाली सापडते. क्रँकची, पंपाची आणि अल्टरनेटरची पुली एका रेषेत आहे का, हे सरळ पट्टी लावून पाहायचं, नजरेने नाही. पट्टा अंगठ्याने मध्यावर दाबला तर दहा-बारा मिलिमीटर दबावा. अल्टरनेटरचा पंखा तुमच्या इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेचा आहे की उलटा, हेही बघून घ्यायचं. वीज दोन्ही दिशांना तयार होते, वारा मात्र बरेचदा एकाच दिशेला नीट वाहतो.

आता वायरिंग.

जुन्या पद्धतीत डायनामोकडून दोन मुख्य वायर निघत, एक जाड आणि एक फील्डची बारीक. त्या कट-आऊटच्या डब्यात जात. या डब्यात तीन कामं होती. डायनामो मंद असताना बॅटरी उलटी त्यात रिकामी होऊ नये म्हणून त्याला तोडायचं, व्होल्टेज वाढलं तर फील्ड कमी करायचं, आणि करंट मर्यादेत ठेवायचा. स्प्रिंग, कॉइल आणि थरथरणाऱ्या पॉइंटांनी हे सगळं होई. अल्टरनेटरला यातलं काही लागत नाही. उलटा करंट डायोड अडवतात, करंटची कमाल मर्यादा त्याच्या गुंडाळीतच असते आणि व्होल्टेज आतला रेग्युलेटर सांभाळतो. तेव्हा डबा निकामी झाला. बरेच मिस्त्री तो जागेवरच ठेवतात, आतल्या दोन जाड वायर एकत्र जोडतात आणि झाकण लावतात. बाहेरून गाडी जुनीच दिसते. मालक खूश.

माझी तक्रार इथेच आहे. वायर जुनीच राहिली. ती वीस-बावीस अँपिअरच्या हिशेबाने ओढलेली होती, आणि आता तिच्यातून चाळीस जाणार. बोळातून वरात काढण्यासारखंच हे. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन मीटर वायरीचा रोध सुमारे 0.021 ओहम. वीस अँपिअरला तिच्यात आठ वॉट जातात, चाळीसला चौतीस. नव्या, स्वच्छ वायरीला हे सोसेलही. पण पन्नास वर्षांच्या पद्मिनीची वायर नवी नसते. तिचं आवरण कडक होऊन वाकवल्यावर तडकतं, टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला असतो आणि मधे कुठेतरी कोणीतरी दोन टोकं पिळून काळी टेप मारलेली असते. वायर आधी तापते ती अशा सांध्यावर. त्यात त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चार्जिंगच्या वायरीवर फ्यूज नसायचा. अल्टरनेटर बदलल्यावर गाडीला आग लागली असं कोणी सांगितलं, तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी मी ही वायर पाहीन.

आगीपर्यंत गोष्ट गेली नाही तरी नुकसान होतंच. त्याच वायरीत पस्तीस अँपिअरला पाऊण व्होल्ट हरवतो. अल्टरनेटर आपल्या तोंडाशी 14.2 व्होल्ट मोजतो आणि स्वतःला कृतकृत्य समजतो. बॅटरीपर्यंत पोचतात साडेतेरा. बॅटरी वर्षानुवर्षं अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं, आणि मालक दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत दुसरी बॅटरी घेतो.

तेव्हा योग्य काम असं. अल्टरनेटरच्या बी प्लस टर्मिनलपासून बॅटरीच्या धन बाजूपर्यंत किंवा सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत सरळ नवी वायर, दहा चौरस मिलिमीटरची. मधे डॅशबोर्ड नको, जुना डबा नको. तीन मीटर दहा चौरसमध्ये पस्तीस अँपिअरला 0.18 व्होल्टच हरवतो. फ्यूज घालायचा तो बॅटरीच्या टोकाशी. अनेक जण तो अल्टरनेटरजवळ लावतात आणि निश्चिंत होतात. शॉर्ट झाला तर अल्टरनेटर आपल्या क्षमतेपलीकडे फारसं देऊ शकत नाही, बॅटरी मात्र शेकडो अँपिअर ओतते. पहारा तिच्या दाराशी हवा. पंचेचाळीसच्या अल्टरनेटरला साठचा फ्यूज ठीक.

वायर घेताना एक टोक खरवडून पाहायचं. वरून तांबूस आणि आत पांढरं चमकलं तर तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम आहे. स्वस्त मिळतो, रोध जास्त, टोकाला लग दाबून बसवला की काही दिवसांनी ढिला पडतो. घरगुती वायरिंगची जाड तारांची वायरही नको. गाडी थरथरते, तिला बारीक तारांची मऊ केबल लागते. लग पक्क्या हायड्रॉलिक दाबाने बसवावा, पकडीने चेपून नाही.

आणि मग अर्थची वायर. याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती वायर बहुतेकांना वायर वाटतच नाही. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. दोघांना जोडणारी जाळीदार पट्टी गंजली किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर कोणी लावायलाच विसरलं, तर परतीचा करंट दुसरी वाट शोधतो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, जे मिळेल ते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर केबल बदलायची नाही, अर्थ बघायचा. अल्टरनेटरच्या कामात इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या दोन्ही पट्ट्या नव्या टाकाव्यात, खालचा रंग खरवडून, स्वच्छ धातूवर.

काम बरोबर झालं की नाही हे कळायला एक साधा मल्टीमीटर पुरतो. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू करायचं, इंजिन दोन हजारांवर धरायचं. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या बी प्लसला, दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलला. आकडा 0.3 च्या खाली हवा. मग एक सुई अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. तिथे 0.2 च्या खाली. यापेक्षा जास्त आलं तर कुठेतरी चोरी आहे. मग मीटर एसीवर फिरवून बॅटरीवर लावायचा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवलं तर एखादा डायोड गेलेला असण्याचा संशय धरावा, मग गाडी कितीही छान चालत असो.

मीटरमधल्या त्या लाल दिव्याचंही काम बदलतं, आणि यावरून गॅरेजात हमखास वाद होतात. डायनामोच्या गाडीत तो नुसता निरोप्या होता. बल्ब उडाला तरी चार्जिंग चालूच. अल्टरनेटरच्या फील्डला मात्र सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. दोन-तीन वॉटचा तो बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपूनच राहतो, फार तर जोरात रेस केल्यावर जागा होतो. हौसेने तिथे एलईडी लावणारे हमखास अडकतात, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. समांतर एक रेझिस्टर द्यावा लागतो.

जुन्या मिस्त्रींची एक सवय इथे फार महागात पडते. चार्जिंग होतंय का हे पाहायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली नाही तर डायनामो चांगला. डायनामोने हे वर्षानुवर्षं खपवून घेतलं. अल्टरनेटरमधून वाहता भार असा अचानक तोडला तर व्होल्टेज क्षणभर इतकं उसळतं की डायोड आणि रेग्युलेटर जागीच जातात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी अल्टरनेटर सोडवायचा. हे सांगितलं की काही मिस्त्री दुखावतात. हात त्यांचा वाईट नसतो, यंत्र बदललेलं असतं.

त्या हाताबद्दल सांगायलाच हवं. कम्युटेटर झिजला की तो लेथवर घेऊन पुन्हा गोल करायचा, मग हॅक्सॉचं पातं घासून बारीक करून पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली कोरायचा, नवे कार्बन बारीक वाळूच्या कागदावर गोलाईत बसवायचे. एमरी कागद नाही, कारण त्याची भुकटी वीज वाहते. हे करणारे आता कमी होत आहेत. डायनामोची एक गोष्ट अल्टरनेटरला अजूनही जमत नाही. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, म्हणून बॅटरी पार मेलेली असली तरी चार जणांनी उतारावर धक्का मारला तर तो स्वतःहून वीज द्यायला लागण्याची आशा असते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या अल्टरनेटरवाल्या गाडीला धक्का मारणाऱ्यांची नुसतीच दमछाक होते.

जीपवाल्यांचं प्रकरण थोडं निराळं. तिथे डॅशबोर्डवर उणे तीस ते अधिक तीसचा अँमीटर असतो आणि गाडीचा बहुतेक सगळा करंट त्यातून फिरून येतो. मोठा अल्टरनेटर लावला की त्या अँमीटरचे बोल्ट तापतात, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. अँमीटर ठेवायचाच असेल तर चार्जिंगची नवी वायर त्याला वळसा घालून न्यावी आणि शेजारी व्होल्टमीटर लावावा. अँमीटर मग खोटं बोलेल, पण जळणार नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज सहा व्होल्टची होती. तिथे प्रश्न अल्टरनेटरपाशी थांबत नाही, बल्बपासून कॉइलपर्यंत सगळं बदलतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थला असतं, ते आधी उलटं करून घ्यावं लागतं.

हेडलाइटला रिले लावणं याच कामाचा भाग समजावा. मूळ गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगच्या कांडीतल्या स्विचमधून जातो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. अल्टरनेटरने दिलेलं चांगलं व्होल्टेज जुन्या स्विचमध्ये घालवण्यात अर्थ नाही. रिले थेट बॅटरीवरून करंट घेतो, स्विचला फक्त इशारा द्यावा लागतो. हे केल्यावर खूप जणांना कळतं की 100 वॉटचे बल्ब लावायची गरजच नव्हती. ते रस्त्यावर बेकायदा तर आहेतच, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवरही अत्याचार आहे.

शुद्धतावाद्यांची हरकत मला कळते. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. पद्मिनी हे नाव मिरवणाऱ्या पहिल्या गाड्या 2024 पासून या पन्नाशीत आल्या. ज्याला गाडी रॅलीपुरतीच बाहेर काढायची आहे, दिवसा, कोरड्या रस्त्यावर, त्याने डायनामो ठेवावा असं मी म्हणेन. चांगला बांधलेला डायनामो त्या कामाला पुरतो. ब्रिटनमध्ये तर डायनामोच्या कवचात बसवलेले अल्टरनेटरही मिळतात. खर्चिक मध्यममार्ग. पण जी गाडी रात्री घाट चढणार आहे, ज्यात पोरंबाळं बसणार आहेत, तिच्यात अल्टरनेटर घालण्याने ती बाटत नाही. अट एवढीच की बॉडीला नवीन भोक पाडायचं नाही, मूळ वायरिंग कापायचं नाही, आणि डायनामो, पुली, ब्रॅकेट, कट-आऊट तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरात ठेवायचं. पुढच्या मालकाला उलटं फिरता आलं पाहिजे.

काम झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा ताणावा, कारण नवा पट्टा थोडा लांबतो. सगळे लग हाताने हलवून पाहावेत. बॅटरीचं पाणी बघावं. एकाच कप्प्यात कमी असेल तर बॅटरीचा दोष, सगळ्यांत सारखं कमी असेल तर रेग्युलेटर जास्त देतो आहे, बॅटरीवर 14.8 च्या वर आकडा दिसेल. एका कागदावर नवं वायरिंग काढावं. कुठली वायर कुठून कुठे, रंग कोणता, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, बल्ब किती वॉटचा, तारीख. लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावं, आरसी बुकाशेजारी. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा मिस्त्री बहुधा दुसरा असेल, आणि रात्रीची वेळ असेल तर टॉर्च तोंडात धरून त्याला तेवढाच कागद वाचता येईल.